आतून मारलेली हाक

चाकणजवळच्या फायबरच्या वर्कशॉपमध्ये, दुरुस्तीला आलेल्या शिडाच्या बोटीशेजारी बसून हिराबाईंनी सांगितलेलं, त्यांच्याच बोलीत.

बसा ताई, त्या खुर्चीव नका बसू, तिला काचेची कुसळं लागल्यात, अंगाला लागली की रातभर खाज जात न्हाई, हितं ह्या गोणपाटावर बसा. मी हिराबाई. मपलं माहेर भामा नदीच्या काठचं, खेडच्या अंगाला, घराच्या मागनंच नदी जायाची, पर आमा पोरींना पाण्यात कोन उतरू देतंय, धुणं धुवायचं आन घरी यायचं, पोटरीच्या वर पानी आईनं कधी लागू दिलं न्हाई. पव्हाया भावांना शिकवलं, आमाला न्हाई. आन आता मी वरसातलं सहा म्हैने समिंदरावर ऱ्हाते, बोटीत. हसू नका ताई, माझं मलाच अजून खरं वाटत न्हाई. सकाळी डोळे उघडलं की डोक्यावर पत्रा न्हाई, कौल न्हाई, फायबरचं छत, हाताच्या अंतराव, आन कानाशी पानी चुबुक चुबुक करतंय, तवा मला अजून बी धक्का बसतो की मी हितं कशी आले.

लगीन झालं तवा मी सतरा-अठराची आसंन. सासर हितंच, चाकणच्या अलीकडं, कांदा-बटाट्याचं रान व्हतं, नंतर त्यातलं निम्मं कंपन्यांच्या एरियात गेलं. आमचे मालक तवाच भोसरीला प्रेस शॉपात लागले व्हते. प्रेस शॉप म्हंजी काय सांगू तुमाला, घरायेवढाली मशीनं असत्यात, वरनं घण पडावा तसा साचा पडतो पत्र्याव, की पत्र्याचं गाडीचं दार व्हतं, पुन्यांदा पडतो, बॉनेट व्हतं, आसं शिफ्टभर चाललेलं. एकदा कंपनीनं बायकापोरांना बघाया न्हेलं व्हतं, मी कान दाबून भाईर पळाले, ह्यांचं आयुष्य त्यात गेलं. माणूस कष्टाळू. दारूला शिवला न्हाई, माझ्याव हात कधी उगारला न्हाई. पर बोलनं न्हाई. मी चुलीपासनं इचारायची, अहो भाजी कशाची टाकू, उत्तर न्हाई. मागल्या दारातनं म्हनायची, वैशालीची फी भरायचीय, उत्तर न्हाई. वैशाली म्हंजी आमची लेक, येकच हाय, आता पुनावळ्याला असती, सोसायटीत. ती ल्हान असताना बाबा बाबा करून दमायची, मंग समोर जाऊन त्यांचा गुडघा हालवायची, तवा हे बघायचे तिच्याकडं. आन दीर आला, की त्येच्याशी ओट्याव बसून गप्पा, कंपनीच्या, रानाच्या, राजकारणाच्या, हसनं खिदळनं सगळं. मंग मला काय वाटायचं सांगा. मला वाटायचं, ह्या माणसाला मी पसंत न्हाई. मोठ्यांनी लगीन लावून दिलं म्हनून ऱ्हातो. ते मी मनात धरलं, आन धरूनच म्हातारी झाले. भांडले बी न्हाई, भांडायला समोरचं माणूस बोलाया तर पायजे.

मंग रिटायर झाले. घरी बसवंना, म्हनून हितं येऊ लागले, ह्ये वर्कशॉप आमच्या पुतन्याचं, संतोषचं. बसचं बंपर, पाण्याच्या टाक्या, आसलं फायबरचं काय काय करतो तो. तर येक दिस काय झालं, मी डबा घिऊन आले तर ट्रेलरवर ही बोट. आता तुमच्या म्होरं हाय हीच, पर तवा पोटाला हे येवढं भगदाड, आत हात घालावा तर खांद्यापत्तुर जावा. चाकणच्या रस्त्यानं कंटेनर जात्यात, क्रेन जात्यात, पर बोट आमी कुनी बघितली नव्हती, आख्खी वाडी बघाया आली व्हती. पुन्याच्या येका डॉक्टर साहेबांची बोट, कोकणात खाडीला बांधलेली असायची, वादळात दोर तुटला आन खडकाव जाऊन आपटली. तिकडं नीट करनारं कुनी भेटंना, कुनीतरी संतोषचं नाव सांगितलं.

संतोषनं ते काम ह्यांच्यावर सोडलं. आन ताई, ह्ये काम मी सोता बघितलंय, केलंय बी. आदी फुटलेलं सगळं घासून काढायचं, भोक व्हतं त्येच्यापेक्षा म्होठं करायचं, मला वाटलं हे काय करत्यात, आजून फोडत्यात. मंग काचेची चटई येती, कापडासारखी, ती कापायची, रेझिन, खळीवानी चिकाट असतं, ते लावायचं, चिकटवायची, रोलर फिरवून हवा काढायची, सुकली की दुसरी, सुकली की तिसरी. चटया मी कापून द्यायची, बांगड्या काढून, फडकं बांधून. आन आत चढून बघितलं तर आत घर. बारकंसं, पर घर. गॅस, बेसिन, झोपाया फळ्या, येवढासा संडास बी. मी म्हनलं, हितं माणसं ऱ्हात्यात का काय, तर डॉक्टर साहेब म्हनले, राहतात ना ताई, मी आणि माझी बायको राहायचो हिवाळ्यात. बायको त्यांची वारली व्हती. बोट नीट झाल्याव ते ह्यांनाच सोबत न्हेऊ लागले खाडीला, शनवार आला की गेले, येक आख्खा सीझन, शीड कसं चढवायचं, वारं कसं बघायचं, सगळं त्यांनी शिकवलं. मंग डॉक्टरांच्या पोरानं त्यांना परदेशी बोलावून घेतलं कायमचं, तर जाता जाता ह्यांना म्हनले, ही विकली तर कुणीतरी तिचं हॉटेल करेल, तुम्ही ठेवा. कागदपत्रं काय लागत्यात ती संतोषनं केली. मला पत्ता न्हाई. मला कधी कळलं, तर जेवताना. हे म्हनले, दिवाळी झाली की खाडीला जायाचंय ऱ्हायाला, बोट आपलीय आता, तू बी चल.

माझा घास हातात ऱ्हायला.  ज्या माणसानं मला जन्मात जेजुरीपलीकडं न्हेलं न्हाई, तो माणूस ताटावर बसून मला समिंदरात चल म्हनतोय. आन वर म्हनले, तू आलीस तर बरं वाटंल. ताई, तसलं वाक्य मी त्यांच्या तोंडनं कधी ऐकलं नव्हतं. वैशाली फोनवर वरडायला लागली, आई, बाबांना वेड लागलंय, तुला पोहता येत नाही, तू अजिबात जायचं नाही. मी तिला व्हय व्हय म्हनलं, आन बोचकं बांधलं. का गेले ते इचारू नका. त्या येका वाक्यापायी गेले.

पयला आठवडा मी निस्ती वकत व्हते. खाडीत बोट बांधलेली असली तरी डुलती, आन शीड चढवलं की आख्खी येका अंगाव कलती, भांडी येकीकडं, मी येकीकडं. गॅस मात्र टांगलेला असतो झोक्यासारखा, बोट कलली तरी तो सरळ, त्येच्यावर मी भाकऱ्या थापून टाकायला शिकले. पीठ मळायला खाऱ्या पाण्याचा हात चालतो, मीठ घालावं लागत न्हाई. गोडं पानी कॅन भरून आनायचं, त्येच्यात दोघांनी भागवायचं, धुणं समिंदराच्या पाण्यात, निस्तं शेवटचं खळबळनं गोड्यात. संडासाला हातपंप, तो मारायला इसरला की काय व्हतं ते सांगत न्हाई. आन रोज काय तरी मोडायचं. आज पंप, उद्या इंजिनाचा पट्टा, परवा शिडाची शिवण उसवली, ती मी दाभण घिऊन शिवली, गोधडीसारखी. मला वाटायचं, बोटीवर माणूस फिराया जातो, तर न्हाई, बोटीवर माणूस बोट नीट कराया जातो. थितं आमाला महादू नाखवा भेटला, मासेमारी करायचा, रोज बाजूनं जायाचा, त्याचा आवाज घागरीतनं आल्यावानी, काका काय चाललंय म्हनून लांबनंच इचारायचा आन हे लांबनंच जाब द्यायचे.

पर ताई, खरा धक्का कशाचा, तर हे बोलायला लागले. माझ्याशी. बोट येवढी येवढी, बसायचं तर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागतो. मी काय म्हनलं की जाब यायचा. मी म्हनायची, बांगडा करू का, तर म्हनायचे, कर, तिखट कर. मी म्हनायची, त्यो पक्षी कोनता, तर सांगायचे, न्हाईतर म्हनायचे, मला बी ठाव न्हाई. ल्हानपनीचं सांगायचे, रानातलं, त्यांच्या बापाचं, मी कधी ऐकलं नव्हतं आसलं. मी वैशालीला फोन केला, म्हनलं अगं, समिंदरानं तुझा बाप बदलला बघ.  तर पोर मला म्हनली, आई, तू रडतेस का. मी म्हनलं, न्हाई गं, वारं लागतंय.

आता ऐका. त्या दिशी आमी शीड लावून खाडीच्या तोंडापत्तुर चाललो व्हतो, दुपारचं, इंजिन बंद, वारं चांगलं. हे वर सुकाणू धरून, मी खाली चहाचं बघत व्हते. बोट येका अंगाव कललेली. तर माझ्या पायाला गार लागलं. बघते तर फळीवर पानी. मी म्हनलं कॅन सांडला, तर पानी तोंडाला लावलं, खारट. बेसिनखालचं कपाट उघडलं, तर आतनं पानी येतंय, मनगटायेवढं, ताकदीनं. काय झालं व्हतं, तर बोटीच्या पोटाला भोक असतं, बेसिनचं पानी भाईर जायला, त्येला पितळी कॉक, कॉकला रबरी पाइप, आन पाइपाची क्लिप गंजून तुटलेली, पाइप निसटला व्हता. कॉकची दांडी आडवी केली की बंद व्हतो हे ह्यांनी मला दावलं व्हतं, पर दांडी मीठ धरून घट्ट, माझ्या हातानं हालंना. मी पदराचा बोळा केला आन तळव्यानं दाबून धरला भोकाव. पानी कमी झालं, थांबलं न्हाई. आन मंग मी हाक मारली, अहो, पानी आलं, खाली या.

काय न्हाई. पुन्यांदा मारली. काय न्हाई. ताई, वरची पायरी माझ्यापासनं दोन हातावर. त्यांचं पाय मला दिसत व्हते, चपला दिसत व्हत्या. मी वरडले, जेवढा गळा हाय तेवढा. आन मला वरनं काय ऐकाया आलं, तर हे गुणगुणत व्हते. हात सोडावा तर पानी घुसतंय, न्हाई सोडावा तर ह्यांना कळत न्हाई. मंग महादूचा आवाज आला, त्येची व्हडी बाजूला जाळं ओढत व्हती, इंजिन बंद करून. म्हनला, काका, आज लांब चाललाव. आन ह्यांनी लगोलग जाब दिला, व्हय, वारं बरं हाय आज. ते ऐकलं आन ताई, माझं काळीज फाटलं. मला वाटलं, ह्या माणसाला महादूचं ऐकाया येतं आन मपलं न्हाई. मी मरत असले तरी न्हाई. पाण्यापेक्षा त्येचा धक्का मला जास्त बसला. मी वरडायचं थांबले सुदीक, थोडा वखत. मंग आसं वाटलं की हितं आपन उगी बुडणार, वैशालीला काय वाटंल, म्हनून पुन्यांदा बोंब ठोकली. आन मंग महादूच म्हनला, काका, आतमंदी काकी बोंबलते, तुला आयकू येत नाय का.

तसे हे उठले आन खाली वाकून बघितलं. मला बघितलं, पानी बघितलं, त्यांचं तोंड पांढरं झालं. उडी मारून खाली आले, मला बाजूला केलं, दांडीवर पाय देऊन जोर लावला, कॉक बंद झाला. महादूनं त्येची व्हडी लावून आमची दोरी धरली व्हती. आमी दोघं बादलीनं पानी काढत व्हतो, आन हे मला काय म्हनले ठाव हाय का. म्हनले, अगं, हाक का न्हाई मारलीस.

मी बादली खाली ठिवली.

त्यांच्या तोंडाकडं बघितलं, तर ते लबाडी करत नव्हते. खरंच इचारत व्हते. महादू व्हडीतनं ऐकतोय, आन हा माणूस पायरीवर बसलेला, त्येला ऐकाया न्हाई. मंग मला काय सुचलं कुनास ठाव, मी ओला पदर तोंडावर धरला, आन पदराच्या आडनं म्हनलं, अहो, तुमाला मी ऐकाया येते का. ते माझ्याकडं बघत ऱ्हायले. माझ्या डोळ्याकडं, पदराकडं. मी पुन्यांदा तेच म्हनलं. त्यांनी हात पुढं केला आन माझा पदर खाली ओढला, आन म्हनले, काय म्हनलीस, तोंड दिसू दे.

तोंड दिसू दे म्हनले, ताई. तवा मला कळलं. मी त्या पाण्यातच बसले.

संध्याकाळी बोट आत आनून नांगर टाकला, आन उजेड व्हता तोवर आमी बसलो, समोरासमोर. सगळं सांगितलं त्यांनी. ऐकाया कमी यायला लागलं तवा तिशी बी उलटली नव्हती. कंपनीत दरसाल तपासनी व्हायची, कानाला हेडफोन लावायचा, आवाज आला की बटन दाबायचं, तर हे तपासनाऱ्या पोराच्या हाताकडं बघायचे, त्येचा हात हालला की हे बटन दाबायचे. म्हनले, प्रेसवरनं काढून झाडू मारायला दिलं असतं मला. आन घरी का न्हाई सांगितलं, मी इचारलं. तर म्हनले, पयल्यांदा सांगायचं ऱ्हायलं, मंग दुसऱ्या दिशी वाटलं आता काय सांगायचं, आसं करत ऱ्हायलं. जाडा आवाज यायचा, दीराचा, बाप्यांचा. मपला यायचाच न्हाई. तोंड दिसलं तर व्हटावरनं कळायचं. आन मी, ताई, मी सगळा जलम चुलीकडं तोंड करून बोलले.

मंग मला आठवलं. आठवलं म्हंजी काय, इसरलंच नव्हतं. माझी आई गेली तवा माहेराहून माणूस मागल्या दारानं निरोप घिऊन आला, आन हे दारात बूट घालत व्हते, दुसऱ्या शिफ्टला निघालेले. मी आतनं म्हनलं, अहो, आई गेली. त्यांनी बुटाची नाडी बांधली, उठले, आन गेले. वळून बी बघितलं न्हाई. मी पोरीला काखंला मारलं आन येकटी यष्टीनं माहेरी गेले. हे दुसऱ्या दिशी आले, तवर सगळं उरकलं व्हतं. त्येच्यावर आमी कधी बोललो न्हाई. मी मनात म्हनायची, ह्या माणसाला माझ्या आईच्या मढ्यापेक्षा ओव्हरटाइम म्होठा. तर मी त्यांना बोटीवर ते सांगितलं, सावकाश, तोंड समोर करून.   तर हे म्हनले, मी घरी आलो तर कुलूप, शेजारनीनं सांगितलं सासू गेली, मला वाटलं, हिनं मला सांगितलं सुदीक न्हाई, निघून गेली, मला हिनं आपलं मानलंच न्हाई. म्हंजी बघा. माझा राग त्यांच्यावर, त्यांचा राग माझ्यावर, आन येका बुटाच्या नाडीवर सगळं.  रडू बी येईना, रडायचं कुनासाठी तेच कळंना. समोर बसलेला माणूस मला वळखू येईना. मला वाटलं, मी लगीन कुनाशी लावलं व्हतं, आन ऱ्हायले कुनासंगं.

मी त्यांना इचारलं, अहो, मंग तुमी मपलं काय काय न्हाई ऐकलं. तर म्हनले, जे ऐकलंच न्हाई, ते काय न्हाई ऐकलं हे मला कसं ठाव आसंल, हिरा.



पावसाळ्याच्या तोंडाला बोट काढून हितं आनली आन वैशाली त्यांना पिंपरीला कानाच्या डॉक्टरकडं घिऊन गेली, मी बी गेले. डॉक्टरीणबाई चांगली व्हती, चित्र काढून दावलं तिनं, म्हनली, मशीनच्या आवाजानं आधी बारीक आवाज जातो, पाखरांचा, लहान मुलांचा, बायकांचा, जाडा आवाज शेवटपर्यंत राहतो.  जगातलं येवढे आवाज, आन त्यांच्या कानातनं पयल्यांदा गेला तो मपला. त्यात त्यांचा काय दोष, मला कळतं, तरी बी. मी बाईंना इचारलं, परत येईल का, तर म्हनली, गेलेलं परत येत नाही आजी, मशीन लावू, थोडा फायदा होईल. तर मशीन लावलंय. घरी लावत्यात, हितं ग्राइंडर चालू असला की शिटी मारतं म्हनून खिशात ठिवत्यात. थोडा फायदा व्हतो, थोडाच. लेकीचं आता फोनवर कळतं त्यांना, सावकाश बोलली तर. वैशाली पयल्या दिशी रडली, म्हनली, आई, मला वाटायचं बाबांना मुलगा पाहिजे होता, म्हणून बोलत नाहीत. पोरीच्या बी मनात ते. आमच्या घरात तिघं जन, आन तिघांनी तीन गोष्टी रचून ठिवल्या व्हत्या.

आता जुनं सगळं पुन्यांदा सांगायचं म्हनलं तर जमत न्हाई ताई. थोडं सांगितलं. त्यांना आवडायचं तसं पिठलं मी कधीपासनं करते, ते सांगितलं. रागात जे बोलले, ते न्हाई सांगितलं, ते ऐकाया आलं न्हाई ते बरंच झालं. काय काय माझं मलाच आठवत न्हाई. गेलं ते गेलं.

दिवाळीनंतर पुन्यांदा निघायचं हाय खाडीला. त्यांनी सगळ्या क्लिपा बदलल्या, येका कॉकला दोन दोन लावल्या, दांड्यांना गिरीस भरलं, मला रोज उघडझाक कराया लावत्यात. वरनं खाली येक दोरी ओढून ठिवलीय, तिचं टोक त्यांच्या मनगटाला. मी ओढली की समजायचं. वैशाली म्हनती, आई आता तरी नको जाऊ. म्हनलं, बाई, जाऊ दे आमाला, थितं आमी समोरासमोर बसतो. घरी माणूस इकडं तिकडं फिरतं, पाठ करतं, दुसऱ्या खोलीत जातं. बोटीत जायाला जागाच न्हाई. भीती वाटती का म्हनाल तर वाटती, पव्हाया अजून बी येत न्हाई, ते नारंगी जाकीट घातल्याबिगर मी वर पाय ठिवत न्हाई. पर जाते.

तुमी येवढ्या लांबनं आलात, म्हातारीचं ऐकून घेतलं, देव तुमचं बरं करो. ते बघा, बोटीच्या त्या अंगानं हे हाका मारत्यात, चटई कापून पायजे आसंल. थांबा, आले मी. हितनं व्हय म्हनून उपेग न्हाई, पुढ्यात जाऊन उभं ऱ्हायला लागतं.